ठाणेदाराची काठी आणि बाबासाहेब



तुमच्या घरातला देव्हारा निघाला, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागली, बावीस प्रतिज्ञा मुलाबाळांच्या तोंडी बसल्या. हे चांगलेच झाले. परंतु नव्या बौद्ध कुटुंबाची परीक्षा पुष्कळदा विहारात होत नाही. ती चावडीवर होते आणि तेथून पोलीस ठाण्यात जाते. आपल्या नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला एखाद्या खेड्यात कुणी गावकीचे जुने काम नाकारतो, कुणी भीमजयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्याने नेऊ म्हणतो, कुणाचा पोरगा पाटलाच्या पोराला मान वर करून उत्तर देतो, आणि प्रकरण ठाणेदारापुढे उभे राहते. तेथे आपल्या माणसाच्या मनात दोन भीती असतात. आपली फिर्याद लिहून घेणार नाहीत, ही एक. फिर्यादीला गेलेल्या आपल्यालाच आत बसवतील, ही दुसरी. पहिलीवर उपाय म्हणजे सरकारने आपला जोर दाखवावा. दुसरीवर उपाय म्हणजे सरकारने आपला जोर आवरावा. या दोन मागण्या एकाच तोंडाने कशा करायच्या, असे तुम्हांला वाटत असेल. बाबासाहेबांनी त्या जन्मभर एकाच तोंडाने केल्या. त्यांचे चरित्र तुम्ही अनेकदा ऐकले आहे; आज ते या एका बाजूने ऐका.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार हे फौजेच्या शाळेत शिकवीत. छावणीत पगार ठरलेला, काम ठरलेले, हुकूम लेखी. गावातली रीत याच्या अगदी उलट होती. गावचा महार हाही सरकारचाच माणूस, वऱ्हाडात त्याला कामदार महार म्हणत. चोराचा माग काढणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, अंमलदार आला की त्याची सरबराई करणे, रात्रीची राखण करणे, असली पोलिसांची निम्मी कामे त्याच्या पायांवर चालत. त्याबद्दल मिळायचे ते वतनाच्या जमिनीचा तुकडा आणि दारोदारचा बलुत्याचा दाणा. परंतु त्याच महाराच्या मुलाने पोलीस शिपायाची जागा मागितली तर दार बंद! कारण उघड आहे. शिपायाला स्पृश्याच्या घरात शिरून झडती घ्यावी लागते, आरोपीचा दंड धरावा लागतो. ज्याची सावली चालत नाही त्याचा हात कसा चालणार?

बाबासाहेबांनी या गोष्टीवर दोन्ही बाजूंनी घाव घातला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, म्हणजे राबवून घेण्याची ती वेठ तुटावी. त्याच वर्षी सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जे निवेदन गेले त्यात सैन्य, आरमार आणि पोलीस या तिन्ही खात्यांत अस्पृश्यांची भरती व्हावी, ही मागणी होती. त्यामागचा विचार नोकरीच्या पोटापुरता नव्हता. ठाण्यातली सगळी माणसे एकाच बाजूची असतील तर कायद्याचे पुस्तक कितीही चांगले असले तरी ते त्या माणसांच्या हातून उघडले जाणार, हे त्यांनी नीट ओळखले होते.

ही ओळख त्यांना पुस्तकातून झाली नाही, महाडात झाली. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेऊन लोक मंडपात परतले, जेवणाच्या तयारीत होते. तेवढ्यात अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी खोटी हूल उठली आणि काठ्या घेतलेला जमाव मंडपावर आणि रस्त्यात सापडेल त्या माणसावर तुटून पडला. बायामाणसांनाही मार बसला. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. बाबासाहेब सरकारी बंगल्यात उतरले होते. तेथे जमलेल्या आपल्या माणसांची डोकी तापली होती, त्यांत फौजेतून आलेले गडीही होते, आणि ते फक्त एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी आपली माणसे आवरली, पोलिसांना त्यांचे काम करायला सांगितले आणि हल्लेखोरांवर रीतसर खटले होऊ दिले. जून १९२७ मध्ये त्यांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

हा निकाल ऐकून सुखावू नका. बाबासाहेबांनी स्वतः त्यातला अर्थ असा काढला की वरचे अधिकारी स्पृश्य हिंदू असते तर हा न्याय मिळाला नसता. मला वाटते, त्यांच्या पुढच्या सगळ्या घटनाकार्याचे बी या एका निष्कर्षात आहे. न्याय मिळणे हे अधिकाऱ्याच्या जातीवर किंवा मर्जीवर लटकत राहू नये, तो हुकमाने मिळावा, आणि न मिळाल्यास वर दाद मागता यावी.

त्या वर्षीची दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीला इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. या चळवळीत डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव पुढे होते; ते जन्माने पापळचे, म्हणजे आपल्याच तालुक्यातले, आणि पुढे बाबासाहेबांबरोबर तेही घटना समितीत बसले. परिषद चालू असतानाच वडील बंधू बाळाराम वारल्याची तार बाबासाहेबांच्या हाती पडली. दुःख पोटात घालून त्यांनी काम पुरे केले. वाटाघाटीला वाव मिळावा म्हणून सत्याग्रह काही महिने पुढे ढकलावा असे ठरले. अमरावतीत जे ठरले तेच महिनाभरात महाडात फार मोठ्या प्रमाणावर ठरवण्याची पाळी येणार होती.

डिसेंबरच्या २५ तारखेला महाडात पुन्हा हजारो लोक जमले, त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर जायला ३,८८४ माणसांनी नावे नोंदवली होती, तुरुंगाची तयारी ठेवून. पण सनातन्यांनी दिवाणी कोर्टातून आधीच मनाईहुकूम मिळवला होता. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः परिषदेला आले आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबा, असे सांगून गेले. आता पाहा, पेच किती कठीण. लोक पेटलेले, कारण न्याय्य, आणि वाटेत आडवा आलेला कागद हा इंग्रजांच्या कोर्टाचा. बाबासाहेबांनी खूप चर्चा होऊ दिली आणि शेवटी सत्याग्रह तहकूब करविला. आपला झगडा सनातन्यांशी आहे. त्यात सरकारलाही अंगावर घेतले तर सनातनी बाजूला उभे राहून मजा पाहतील, हा हिशेब होता. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले आणि पाण्याला हात न लावता परतले. खटला चालत राहिला. हायकोर्टाचा अखेरचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्यांदा पाणी प्यायल्याला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते.

दहा वर्षे! ज्यांना हा उशीर मान्य नव्हता त्यांना मी चूक म्हणणार नाही. पण एक लक्षात घ्या. त्या निकालानंतर ते तळे अस्पृश्यांना बंद आहे असे कोणत्याही कोर्टात कुणाला म्हणता आले नाही. बळाने घेतलेले पाणी दुसऱ्या दिवशी बळाने काढून घेता आले असते.

नाशिकला मात्र कायद्याची दुसरी बाजू दिसली. २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दरवाजांवर सत्याग्रह सुरू झाला. आत राम, बाहेर आपले लोक आणि मध्ये पोलीस. दार उघडायला आलेल्या निःशस्त्र माणसांना शांतताभंगाच्या नावाखाली अडवायचे, आणि दार बंद करून बसलेल्यांना संरक्षण द्यायचे, असा तो बंदोबस्त होता. सुव्यवस्था हा शब्द ऐकला की आपण सावध व्हावे, कारण आहे ती व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे हे त्या शब्दात लपलेले असते. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी ही लढाई वर्षानुवर्षे चालवीत राहिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, त्यामागे नाशिकच्या बंद दाराचाही वाटा होता.

तुम्हांला बहिष्काराची झळ लागलेली असेल तर पुढची गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवा. काठीचा मार दिसतो, त्याचा पंचनामा होतो. दुकानदाराने मीठ न देणे, गिरणीवाल्याने दळण न दळणे, शेतमालकाने मजुरी बंद करणे, याचा पंचनामा कोण करणार? मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते. तिच्या १९३० च्या अहवालात असे नमूद झाले की उघड मारहाणीपेक्षाही बहिष्काराची दहशत अधिक आहे. त्याच वर्षी ते गोलमेज परिषदेला गेले आणि रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह दिलेल्या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवा, अशी कलमेच्या कलमे लिहून दिली. ब्रह्मदेशात १९२२ साली झालेला बहिष्कारविरोधी कायदा त्यांनी नमुना म्हणून घेतला होता. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा अमलात आला २०१७ साली. लंडनमध्ये मागितलेले मुंबईला पोचायला सत्त्याऐंशी वर्षे लागली.

येथवर त्यांनी सरकारकडे जोर मागितला. पण जोर मागणारा हाच माणूस सरकार अंगावर आले की आरोपीच्या बाजूने उभा राहत असे. देशाचे दुश्मन या पुस्तकाबद्दल जेधे, जवळकर, बागडे प्रभृतींना शिक्षा झाली तेव्हा १९२६ साली अपिलात त्यांना सोडवून आणणारे वकील बाबासाहेबच. १९३४ साली रघुनाथराव कर्वे यांच्यावर समाजस्वास्थ्य मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. स्त्रीपुरुषसंबंधांवर शास्त्रीय उत्तरे देणे हा गुन्हा कसा, असे हायकोर्टात मांडायलाही तेच उभे राहिले. तो खटला ते हरले. हरणारा खटला घेणारे वकील फार नसतात.

पुढे १९३७ साली प्रांतात निवडून आलेले सरकार आले. खेर पंतप्रधान, गृहखाते मुन्शींकडे. गोरा साहेब जाऊन आपली माणसे खुर्चीवर बसली. त्यांनी १९३८ साली औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले, ज्यामुळे ठराविक परिस्थितीत संप करणे हा गुन्हा ठरणार होता. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून असेंब्लीत त्यावर तुटून पडले. काम न करण्याची मोकळीक काढून घेतली तर मजुराला गुलामापासून वेगळे ते काय राहिले, हा त्यांचा सवाल. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला आणि त्यात पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालावर १९३९ च्या मार्चमध्ये चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांची भूमिका अशी होती की गोळी योग्य होती की अयोग्य, याचा निवाडा गृहखात्याने आपल्यापुरता उरकू नये. गोळी झाडणारा अधिकारीही साध्या नागरिकासारखा साध्या कोर्टाच्या कसोटीला उतरावा. सरकार आपले झाले म्हणून पोलिसांची जबाबदारी कमी होत नाही, हे त्यांनी स्वराज्याच्या आठ वर्षे आधी, स्वदेशी मंत्र्यांच्या तोंडावर सांगितले.

आता घटना समिती. मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि जो प्रश्न आजवर ठाण्याबाहेर उभे राहून विचारला तो आता कलमांत बसवायचा होता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम, आजचे सतरावे, मंजूर झाले. पण माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य यांच्याबद्दलच्या कलमावर, आजच्या एकविसाव्यावर, घोडे अडले. कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचे स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, एवढेच त्यात होते. मग कायदेमंडळाने उद्या वाईट रीत ठरवली तर? अमेरिकेत न्यायाधीशाला ती रीतच न्याय्य आहे का हे तपासता येते. तसे शब्द येथे आधी होते, ते गळाले. १३ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी दोन्ही बाजू सभागृहापुढे ठेवल्या. पाच-सात न्यायाधीशांवर सगळे सोपवणेही धोक्याचे, आणि बहुमताच्या पक्षावर सोपवणेही धोक्याचे. निर्णय त्यांनी सभागृहावर टाकला. पण मन स्वस्थ नव्हते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी नवे कलम आणले, आजचे बाविसावे, आणि पहिल्या कलमाने स्वतः आपणही समाधानी नव्हतो हे लपवले नाही.

हे बाविसावे कलम आपल्या घरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असले पाहिजे. अटक का केली ते शक्य तितक्या लवकर सांगावे लागते. आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा आणि त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क असतो. आणि अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. त्याच्या हुकमाशिवाय पुढे ठेवता येत नाही. चोवीस तासांचा हा नियम फौजदारी कायद्यात आधीही होता, पण कायदा साध्या बहुमताने बदलता येतो. बाबासाहेबांनी तो घटनेत नेऊन ठेवला. १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे तिच्यातही तो कायम आहे. त्याच संहितेप्रमाणे गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून ठाणेदाराला फिर्याद परत पाठवता येत नाही, आणि लिहून घेतलेल्या फिर्यादीची प्रत फुकट द्यावी लागते. ती मागून घ्या. अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. अमरावतीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाच शिक्षा सांगितली आहे. बौद्ध झाल्यावर हा कायदा आपल्याला लागू नाही असे कुणी सांगितले तर ऐकू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे. फक्त मुलांचे जातीचे दाखले नीट करून ठेवा.

आता जे झोंबणारे आहे तेही सांगितले पाहिजे. त्याच बाविसाव्या कलमात खटल्याशिवाय प्रतिबंधात्मक स्थानबद्ध करण्याची मुभा आहे. देशाची घडी बसलेली नाही, अशा काळात ती पूर्णपणे काढून टाकता येणार नाही, असे बाबासाहेबांचे मत होते; म्हणून तिला तीन महिन्यांची मर्यादा आणि त्यापुढे सल्लागार मंडळाची अट घातली. सभागृहात बक्षी टेकचंदांसारख्यांनी हे पुरेसे नाही म्हणून कडक टीका केली. मला टीकाकारांचे म्हणणे बरोबर वाटते. ती फट पुढच्या सरकारांनी रुंद केली. १९५१ साली भाषणस्वातंत्र्यावर नव्या मर्यादा घालणारी पहिली घटनादुरुस्ती आली तेव्हाही बाबासाहेब कायदेमंत्री म्हणून तिच्या बाजूने बोलले. आणि १९७५ च्या आणीबाणीत हजारो लोक विनाखटला आत गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दाद मागण्याचा हक्कही नाकारला. पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोध नोंदवला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनंतर आता आणीबाणीतही एकविसावे कलम तहकूब करता येत नाही. ज्यांच्या नावाने जयभीम म्हणतो त्यांच्या कामातली फट दाखवली म्हणून त्यांचा अनादर होत नाही. त्यांनी स्वतः ती सभागृहापुढे झाकली नव्हती.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून महाडचे जुने सत्याग्रही चपापले असतील. घटनेचे मार्ग आता उघडे झाले आहेत, तेव्हा सत्याग्रह, असहकार, कायदेभंग ही साधने बाजूला ठेवा. ती अराजकाकडे नेतात. चवदार तळ्याचा नायक हे सांगत होता! पण महाडचा मनाईहुकूम त्यानेच पाळला होता, हे विसरू नका. त्याच भाषणात त्यांनी बजावले की राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध फार दिवस टिकणार नाही. मार्ग उघडे असतील तरच ते मार्ग. ठाण्याचे दार बंद असेल तर या उपदेशातली पहिली अटच मोडते, असे मी त्याचे वाचन करतो.

१९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलावरून त्यांनी मंत्रिपद सोडले. शरीर थकत चालले, मन धम्माकडे वळले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंचा समुदाय जमला, वऱ्हाडातून गाड्या भरभरून माणसे गेली, आणि एवढे मोठे परिवर्तन शांतपणे पार पडले.

त्या शेवटच्या वर्षांत ते बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ पुरा करीत होते. त्यात धम्माची आवश्यकता सांगताना त्यांनी समाजापुढे तीन वाटा ठेवल्या आहेत. पहिली म्हणजे राज्यकारभाराचे साधन म्हणून धम्म नकोच म्हणायचे. ती अराजकाची वाट. दुसरी म्हणजे पोलीस हेच साधन मानायचे, ती हुकूमशाहीची. तिसरी म्हणजे धम्म, आणि जेथे माणसे धम्म पाळणार नाहीत तेथे मॅजिस्ट्रेट. स्वातंत्र्य तग धरते ते या तिसऱ्या वाटेवर. मॅजिस्ट्रेटला त्यांनी हाकलून दिलेले नाही, ही गोष्ट तुम्ही हेरली असेल. शेजारी शेजाऱ्याला माणूस मानील तितके ठाणेदाराचे काम कमी होईल; जेथे मानणार नाही तेथे कायदा उभा राहील, आणि तोही काठीच्या जोरावर नव्हे, न्यायाधीशापुढे. याच ग्रंथात अंगुलिमालाची कथा आहे. त्या लुटारूला पकडायला राजा प्रसेनजित स्वारांनिशी निघाला होता, आणि वाटेत तथागतांपाशी त्याला तो चीवर घालून बसलेला आढळला. राजाची घोडी माघारी गेली.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या घरी बाबासाहेबांनी याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद आपल्या उशाशी मागवून घेतले. सकाळी ते उठले नाहीत. ७ डिसेंबरला मुंबईत दादरच्या समुद्रकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, आणि ग्रंथ पुढच्या वर्षी, १९५७ साली, छापून आला.